शनिवारची पहिली फेरी

प्रॉपेलरच्या तीन पात्यांपैकी एकाच्याच टोकाला खाच होती. चार मिलिमीटर खोल, कडा आत वळलेली. लॉरेलने अंगठा फिरवून पाहिला आणि वहीत लिहून ठेवलं. तिची सगळी नोकरी पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत झाली होती. मोजायची सवय निवृत्तीनंतरही सुटली नव्हती. गेल्या हंगामात तिच्या नवऱ्याने, व्हर्नने, बोट बुडालेल्या ओंडक्यावर घातली, त्याची ही खूण. पन्नास वर्षं तो हाच ओंडका चुकवत आला होता.

बोट लाकडी, व्हर्नच्या वडिलांनी एकसष्ट साली बांधलेली. ऑस्ट्रेलियातल्या मरे नदीकाठच्या शेडमध्ये ती ट्रेलरवर उभी होती. मागच्या बाजूला गोणपाट टाकून व्हर्न बसला होता. शनिवारी हंगाम सुरू व्हायचा. जुन्या बोटवाल्यांच्या क्लबात रिवाज होता: जो प्रॉपेलर उतरवून परत बसवेल, पहिली फेरी त्याची. आणि यंदा व्हर्नच्या बोटीमागे दोरी धरून पाण्यावर घसरायच्या स्कीवर उभी राहणार होती त्यांची अकरा वर्षांची नात, टेगन.

मार्चमध्येच व्हर्नला तपासून झाल्यावर डॉक्टरांनी लॉरेलला बाजूला घेतलं होतं. "गाडी चालवणं मी बंद केलंय त्यांचं. बोटीचं तुम्ही बघा." आता ऑक्टोबर संपत आला होता. सात महिने ती नुसतीच बघत राहिली होती.

"काय रे, अजून पिनच काढतोयस?" उलट्या बादलीवर बसून चहा पिणाऱ्या मर्व्हने विचारलं. क्लबातला जुना सोबती तो. "तोवर नदी आटायची."

"तू चहा पी. तुझ्या बोटीचं सगळं जावई करतो, ठाऊक आहे मला."

"मग जावई कशाला पोसलाय?"

व्हर्न हसला. हात अजून सराईत होते. पिन निघाली, नट सैल झाला, प्रॉपेलर ओढून काढायचा पुलर बसला. शाफ्टवर, म्हणजे त्या निमुळत्या फिरत्या दांड्यावर, प्रॉपेलर इतका घट्ट रुतलेला असतो की पुलरने ताण देत राहायचं; मग एका क्षणी तो फटकन सुटतो आणि मागे उडी घेतो. म्हणून नट पूर्ण काढायचा नाही, दोन आटे तरी राहू द्यायचे. अर्ध्या क्लबाला हे व्हर्ननेच शिकवलेलं. "नट काढलास तर तुझे दात काढीन," असं तो पोरांना दरडावायचा.

लॉरेलचं लक्ष त्याच्या शर्टाच्या खिशाकडे गेलं. खिसा खाली ओढला गेला होता.

"व्हर्न, नट कुठंय?"

"जागेवर आहे की."

"खिशात आहे तुझ्या. पुलर सैल कर आधी."

"अगं, पन्नास वर्षं करतोय मी हे," म्हणत त्याने पाना आणखी एकदा फिरवला.

फटकन आवाज झाला. प्रॉपेलर पुलरसकट उडाला आणि व्हर्नच्या गुडघ्यापासून वीतभर अंतरावर गोणपाटावर आदळला. 

"निघाला की," व्हर्न म्हणाला. मग उघड्या शाफ्टकडे पाहत राहिला. "नट कुठे गेला पण?"

लॉरेलने मर्व्हकडे पाहिलं. मर्व्ह कपात बघत होता. कप खाली ठेवून तो उठला. ती त्याला दारापर्यंत सोडायला गेली.

"तूच सांग गं त्याला," तो हळूच म्हणाला. "माझं ऐकायचा नाही."

"माझं कधी ऐकलंय?"

"तरी तूच सांग."

ती परत आली. बोटीची किल्ली लपवावी, दुरुस्तीवाल्याला उशीर झाला म्हणावं, टेगनला ताप आलाय म्हणावं. सगळं तिने आधीच तपासून पाहिलं होतं. त्यातलं काहीही आठवडाभर टिकलं नसतं. तिने व्हर्नच्या हातात फडकं दिलं. तो शाफ्ट पुसू लागला; अगदी हलक्या हाताने, एकाच दिशेने.

"पातं गुरुवारी सरळ होऊन येईल," तो म्हणाला. "शुक्रवारी बसवतो. शनिवारी पोरीला असं फिरवतो बघ! तू बसशील ना माझ्याशेजारी? मागे लक्ष ठेवायला कोणीतरी लागतं."

लॉरेल गोणपाटावर त्याच्या बाजूला बसली. त्याच्या हातातलं फडकं काढून घ्यावं असं तिला वाटलं, पण घेतलं नाही.

"व्हर्न, शनिवारी बोट तू चालवायची नाहीस," ती म्हणाली. "आणि त्यानंतरही कधीच नाही."