तर्जनीवरचं पीठ

सकाळी सव्वानऊला, भाकरी तव्यावर असतानाच, गिरिजेला हाक येते आणि ती उजव्या हाताची तर्जनी पुढे धरून स्वयंपाकघरातून दुकानात येते. बोटावर ज्वारीचं पीठ असतं. मार्गशीर्षातलं तिरपं ऊन शटरखालून आत शिरलेलं असतं. त्या उन्हात ते पीठ फुलातल्या परागासारखं क्षणभर उजळतं. मग ती पदराला बोट पुसते, ठसा घेणाऱ्या यंत्राच्या काचेवर टेकवते, काचेखालचा तांबडा प्रकाश तिच्या नखापर्यंत चढतो, पडद्यावर तिचं नाव उमटून दिवसाचं काम खुलं होतं, आणि भाकरी करपू नये म्हणून ती धावत परत जाते. सारं मिनिटभरात आटोपतं. उरलेला दिवस सरकारी कागदपत्रांचं ते सेवा केंद्र तिच्या नावावर, तिच्यावाचून चालतं.

इरा, मिहीर, माझ्या नातवंडांनो, हे तुमच्यासाठी लिहिते आहे. इरा, मुलाखतीनंतर तू पाठवलेला तक्ता मी अजून भरलेला नाही. युरोपातल्या संगणकाच्या क्षेत्रात मुली आणि तरुण माणसं वाढावीत म्हणून तुझं कार्यालय झटतं, त्या प्रशिक्षणातल्या काही जागा दूरच्या गावांतल्या मुलींना आहेत, हे सगळं मला पटतं. पण ‘मुलीचं वर्णन पाच शब्दांत, तिच्यापुढचे अडथळे तीन ओळींत’ हे काय आहे? नांदूरघाटच्या शाळेत मी जन्मभर इंग्रजी शिकवलं, मोजक्या शब्दांत उत्तर लिहायची शिस्त मीच मुलांना लावली. तरी सांगते, गिरिजा त्या चौकटीत मावत नाही.

केंद्राच्या पाटीवर ‘संचालिका’ म्हणून तिचं नाव आहे. बाईच्या नावानं अर्ज लवकर मंजूर होतो, एवढंच त्याचं कारण. खुर्चीत बसतो तो तिचा नवरा महालिंग, माझाच विद्यार्थी. सरपंचबाईंच्या खुर्चीत त्यांचे यजमान बसतात, त्याचं इथे कोणाला नवल वाटत नाही, मग याचं कोणाला वाटावं?

दुपारी जेवून महालिंग आडवा होतो, तेवढे दोन तास ती खुर्ची रिकामी असते. त्या वेळात केंद्राचा जणू ऋतू पालटतो. सकाळी तिथे नुसता गलका असतो. दुपारी कळफलकावर गिरिजेची बोटं चालतात, तेव्हा तुरीच्या ओल्या शेंगा सोलताना होतो तसा मऊ, भरभर आवाज येत राहतो, आणि मधूनच तिच्या हिरव्या बांगड्या त्याला ताल देतात. कापूस वेचून वेचून बोटांवरच्या रेषा झिजलेल्या म्हाताऱ्या मुद्दाम त्याच वेळी येतात. यंत्र त्यांना ओळखत नाही. महालिंग त्यांच्यावर ओरडतो, “जोरात दाबा की!” गिरिजा त्यांचा हात आपल्या हातात घेते, ओल्या फडक्यानं एकेक बोट पुसते आणि म्हणते, “ह्या बोटानं न्हाई तर त्या बोटानं, आजी. दहा हायेत.” ते वाक्य मी इतक्यांदा ऐकलं आहे, तरी प्रत्येक वेळी मला ते नवं वाटतं.

कोणत्या कामाला कोणते कागद लागतात हे न कळल्यानं बायका चार कोस चालून येतात आणि परत जातात, हे पाहून तिनं आपलं आपण शिकून फोनसाठी एक साधन, अ‍ॅप म्हणतात ते, तयार केलं. चित्रावर बोट ठेवलं की तिच्याच आवाजात सगळं सांगितलं जातं. महालिंग ते गावभर दाखवतो आणि म्हणतो, “आमी बनवलं.” आतून बोलणारी बाई कोण, हे कोणी विचारत नाही. बोट तिचं, नाव तिचं, आवाज तिचा. ती तेवढी आत, तव्यापाशी.

तुमच्या प्रशिक्षणाला वयाची अट पंचविसाची. येत्या चैत्रात गिरिजा पंचवीस पूर्ण करते. म्हणजे हीच एक वेळ होती, पुन्हा येणारी नव्हती. मुलाखत पडद्यावर, गुरुवारी दुपारी तीनला. मी महालिंगला तीन वेळा बजावलं होतं, खुर्चीत फक्त गिरिजा बसेल.

पाच मिनिटं आधी गेले तर काय पाहावं! संगणकाला झेंडूचा हार. पडद्याच्या खांद्यांवर शाल. कळफलकापुढे नारळ. तिचे सासरे विश्वनाथअप्पा कडक इस्त्रीचं धोतर नेसून उभे, आणि पांढरा सदरा घालून महालिंग खुर्चीत. गिरिजा आत चहा करत होती.

“महालिंग, पाहुणे पडद्यावर येणार आहेत. त्यांना चहा कसा देणार आहेस?”

“बाई, रीत हाय ना. त्यांनी न्हाई पिला तर आपण पिऊ. तुमी कावून राग धरता?”

“आणि तू कशाला बसलास इथे?”

“युरोपचे साहेब येणार. पहिलं घरातल्या माणसानं बोलावं, मग ती हायेच की.”

ते साहेब म्हणजे तू, इरा. जिचं नाक मी पदरानं पुसलं आहे.

तेवढ्यात अप्पांनी हातातल्या पात्रातलं भस्म घेऊन, मोठ्या भक्तीनं, संगणकाच्या माथ्यावर तीन बोटं ओढली. कॅमेऱ्याचा डोळा नेमका तिथेच असतो. तीन वाजले, तुझा आवाज आला, “आजी, तुमच्याकडे धुकं आहे का? काहीच दिसत नाही.” महालिंगनं सगळी बटणं दाबून पाहिली. मग म्हणाला, “लाईनचा प्रॉब्लेम हाय.” अप्पांनी श्रद्धेनं हात जोडले. मला हसावं की कपाळ बडवावं कळेना.

गिरिजा चहाचा ट्रे घेऊन आली. तिनं एकदाच पाहिलं, ट्रे खाली ठेवला, पुढे वाकली आणि पदराच्या टोकानं तो डोळा पुसला, बोट पुसते तसाच. धुकं फिटलं, आणि तुम्हाला सगळ्यात आधी तिचा चेहरा दिसला.

“तुम्हीच गिरिजा ना? हे केंद्र कोण चालवतं?” तू विचारलंस.

“आमी म्हण, आमी,” महालिंग बाजूनं कुजबुजला.

गिरिजेनं पदर हातातच धरला होता. शांतपणे म्हणाली, “नाव माझं हाय. बोट माझं हाय. खुर्ची ह्यांची हाय.”

अप्पा मोठ्यानं हसले. महालिंगचे कान लाल झाले. पुढची वीस मिनिटं ती त्याच्या खांद्यामागून वाकून, उभ्यानं, तुमच्या प्रत्येक प्रश्नाला उत्तर देत राहिली. उठायचं त्याला सुचलं नाही, आणि खरं लिहायचं तर, ऊठ म्हणायचं मलाही सुचलं नाही. शाळेतल्या माझ्या निरोपाच्या समारंभात माझ्या वतीनं तुमच्या आजोबांनी भाषण केलं होतं, मी मांडीवर नारळ घेऊन बसले होते. सवय म्हणजे अशी असते, पोरांनो. वाळवीसारखी, आतून पोखरते आणि खांब उभा दिसतो.

तिची निवड झाली. अट एकच, रोज दुपारी चार ते सहा तिनं स्वतः संगणकावर बसायचं. महालिंगची झोप तोवर झालेली असते.

“मोबाईलवर करावं की तिनं,” महालिंग म्हणाला. “चारला गिऱ्हाईक लई असतं, बाई.”

“आणि केंद्र कोणाचं आहे?”

“तिचंच हाय. मी कुठं न्हाई म्हणतो?”

ते ऐकून मी तडक घरी आले. तुला फोन केला, तर तू म्हणालीस, “आजी, इथेही बैठकीत टिपणं घ्यायचं काम मलाच सांगतात.” मला आणखीच चीड आली. मग इतक्या लांब जाऊन केलंत काय?

काल सकाळी सव्वानऊला मी माझ्या कागदासाठी रांगेत होते. पुढे पाच-सहा म्हाताऱ्या. महालिंगनं हाक मारली, “गिरिजा, बोट!” पुन्हा हाक. मग ती आली, पीठ लागलेलं बोट पुढे न धरता, दोन्ही हात पदरात घेऊन. दारात उभी राहिली.

“भाकरी झाल्यात. गॅस बंद केलाय. बोट ठेवते, पण मग उठणार न्हाई. सकाळी मी बसते, चारलाबी मीच बसणार.”

“अगं, माणसं थांबलीत.”

“म्हणूनच म्हणते.”

रांगेतली एक म्हातारी म्हणाली, “बस की माय. ह्याला आमचं एकबी बोट गावत न्हाई.” सगळ्या खळखळून हसल्या. महालिंगनं माझ्याकडे पाहिलं. या वेळी मला सुचलं. “ऊठ, महालिंग,” मी म्हणाले. वर्गात म्हणत असे त्याच आवाजात.

तो उठला. पुरता नाही, अर्धा. आणि त्या अर्ध्या जागेत गिरिजा बसली. मग थोडी सरकली, आणि त्याला उभं राहावंच लागलं. काचेवर तिचं बोट टेकलं, तांबडा प्रकाश नखापर्यंत चढला, आणि ती भाकरीकडे धावली नाही. मिनिट गेलं, दुसरं गेलं. कळफलकावर शेंगा सोलल्याचा आवाज सुरू झाला, भर सकाळी, गलक्यात.

महालिंग अजून दारात घुटमळतो आहे. चैत्रापर्यंत काय होईल, मी सांगू शकत नाही. पण माझ्या त्या समारंभाचं छायाचित्र आज उजेडात काढून पाहिलं. त्यात मी मधोमध बसले आहे, आणि तरी त्या दिवशी मी काय बोलले असते, हे आता मलाच आठवत नाही. काळ बोटांवरच्या रेषा सावकाश झिजवतो. पण जिनं आपल्या जागी बसून आपलं काही म्हटलंच नाही, तिची झिजायलाही रेषा उमटलेली नसते.