संध्याकाळचं माप

माझ्या हाताखाली बावीस वर्षांत कुणी ढिलं काम केलं नाही. केलं असतं तर तो माझ्या हाताखाली राहिला नसता. कारखान्याच्या टूलरूमचा फोरमन म्हणून निवृत्त झालो, क्वार्टर सोडलं, कारखान्याजवळच इंद्रपुरीत घर बांधलं आणि मागच्या व्हरांड्यात कामाचा बाक नि लोखंड पकडायचा व्हाइस बसवून पुन्हा कामाला लागलो. लोक निवृत्तीनंतर भजनाला जातात. मला ते जमण्यातलं नव्हतं.

वैजयंती तिथे आली ती ऑगस्टात. आमच्या दिगंबर फिटरची मुलगी. लहानपणी पोलिओ झालेला, त्यामुळे डाव्या पायाला लोखंडी पट्ट्यांचा कॅलिपर बांधून चालायची. तशीच रोज पिपलानीहून दोन मिनीबस बदलत मेडिकल कॉलेजात गेली आणि डॉक्टर झाली. आता तिला मुंबईला इंजिनिअरिंग शिकायचं होतं, तेही शरीरासाठी यंत्रं बनवण्याचं. तिथे डॉक्टरांनाही घेत, पण प्रवेशपरीक्षेला गणित होतं आणि हिने गणित दहावीनंतर सोडलेलं.

"काका, तुम्ही शिकवाल? क्लासवाले म्हणतात, डॉक्टर होऊन वापस गणित कशाला."

"बरोबरच म्हणतात," मी म्हणालो. "उद्या सकाळी सातला ये. सात म्हणजे सात."

चार दिवसांनी दिगंबर आला. सरकारी दवाखान्यातली तिची नेमणूक जवळजवळ पक्की होती, पुढच्या जुलैत रुजू व्हायचं होतं. "साहेब, एक साल मी तिला दिलंय. झालं तर झालं, नाही तर नोकरी. दुसरं साल नाही देणार." त्याचंही चुकत नव्हतं. घरात धाकट्या दोघी होत्या.

मी तिला खूप रडवलं. उत्तर बरोबर आलं तरी मधली पायरी गाळली की वही परत. आमची कमलिनी आतून ओरडायची, "अहो, ती डॉक्टर आहे, तुमची अप्रेंटिस नव्हे." पण पोरगी चिवट. फेब्रुवारीत लेखी परीक्षा झाली आणि ती पास झाली. मुलाखत मे महिन्यात होती, तोवर शिकवणी चालूच.

मला इतका आनंद झाला की तिला नवा कॅलिपर करून द्यायचं मी ठरवलं. जुना म्हणजे नुसतं ओझं, पोटरीवरचा चामड्याचा पट्टा लोंबत असलेला. एका सकाळी शिकवणीनंतर मी तिच्या पायाची मापं घेतली, अगदी व्हर्निअरने. अ‍ॅल्युमिनियमच्या पट्ट्या, पोटरीभोवती पट्ट्याऐवजी बोल्टने बंद होणारं कडं. मध्ये कागदही जाणार नाही असं बसलं. तिने चालून दाखवलं. मी कमलिनीला बाहेर बोलावून दोनदा चालायला लावलं.

आठ दिवसांनी ती जुनाच कॅलिपर घालून आली.  मी गणितं घातली, तपासली आणि वही तिच्यापुढे जरा जोरात टाकली. मला राग आला होता. माझं काम लोकांनी काढून ठेवावं, असं आजवर झालं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती सकाळी आलीच नाही. आली संध्याकाळी सहाला, तोवर धरलेल्या खासगी दवाखान्याची ड्यूटी संपवून. बाकाशेजारी बसली, दिवसभर मुद्दाम घातलेला नवा कॅलिपर सोडला आणि पाय पुढे केला.

"आता मोजा, काका."

पोटरीवर लाल वळ होते, एके ठिकाणी कातडं सोललेलं. मी मोजलं. घेर माझ्या मापापेक्षा अकरा मिलीमीटर जास्त भरला. मी पुन्हा मोजलं.

"दिवसभर खाली लोंबला की सुजतो. या पायात रक्त वर ढकलायला ताकद नाही ना. आणि इथे," तिने गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, जरा खाली, बोट ठेवलं, "एक नस असते. तुमचा बोल्ट बरोबर तिच्यावर येतो, पाय बधिर होतो. मी पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं. पण तुम्ही एवढे खूश होता."

मला इतकी लाज कधी वाटली नव्हती. लोखंड सकाळी जेवढं तेवढंच संध्याकाळी, या हिशेबाने मी आयुष्य काढलं. एका जिवंत पोरीचा पाय मी यंत्रावरच्या जॉबसारखा मोजला होता.

मग पुढचे पंधरा दिवस मी अप्रेंटिस झालो आणि ती फोरमन. कडं कापलं, आत चामडं आलं, घट्ट-सैल करता येणारं बक्कल आलं, बोल्ट खाली गेला. तिनेही मला दोनदा काम परत करायला लावलं. तोच कॅलिपर घालून ती दिगंबरबरोबर मुंबईला गेली.

चार दिवस मी बाकावर नुसता बसून काढले. पाचव्या दिवशी बापलेक स्टेशनवरून सरळ माझ्याकडे आली. दिगंबरच्या हातात पेढे होते, म्हणजे काय झालं ते कळलंच. प्रवेश मिळाला होता. जुलैतली नोकरी तो स्वतःच नाकारून टाकणार होता.

मुलाखतीत तिने कॅलिपर काढून टेबलावर ठेवला आणि बदलण्याआधी तो कसा होता तेही सांगितलं, असं ती म्हणाली. मी विचारलं:

"माझं नाव सांगितलंस?"

"सांगितलं. त्यांनी विचारलं, मग त्या कारागिराचं चुकलं कुठे?"

"काय म्हणालीस?"

"मी म्हणाले, त्यांचं काम चोख होतं. त्यांना संध्याकाळचा पाय कुणी दाखवलाच नव्हता. तो दाखवणारं माणूस व्हायला मी इथे आले आहे."

दिगंबर आणि कमलिनीच्या देखत मला रडू आलं, आणि मी ते लपवलं नाही.