रविवारच्या रात्रीचा भाव

शेठचं सगळं आयुष्य केळीच्या वखारीत गेलं होतं. त्यामुळे जगातली प्रत्येक वस्तू कधी ना कधी पिकते आणि पिकली की तिचा भाव पडतो, यावर त्यांचा ठाम विश्वास होता. पहिल्या भावात त्यांनी आजवर साधी छत्रीसुद्धा घेतलेली नव्हती. फ्रिजचा भाव पडायची वाट बघण्यात अख्खा उन्हाळा गेला आणि घरातल्या सगळ्यांनी तो कोमट पाणी पिऊन काढला. फ्रिज स्वस्तात मिळाला हे मात्र खरं, आणि ते शेठनी पुढची कितीतरी वर्षं येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवलं.

त्यामुळे शहरात एका रात्रीसाठी हॉटेलची खोली घ्यायची असं ठरलं, तेव्हा घरात कुणालाच घाई दिसली नाही.

कारण तसं मोठं होतं. शेठच्या बायकोची थोरली बहीण परदेशातून येत होती. लेकीकडून मुलाकडे जाताना तिला शहरात विमान बदलायचं होतं, आणि मधली एक रविवारची रात्र तिनं हॉटेलात काढायची ठरवली होती. "ये गं धाकटे, पोटभर बोलू," असं तिनं फोनवर सांगितलं. धाकटीला स्वतःला दोन नातवंडं होती, पण ताईसाठी ती अजून धाकटीच होती.

ताईचे यजमान गेल्या वर्षी गेले. नेमकं तेव्हाच धाकटीच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, म्हणून तिला जाता आलं नाही. नंतर फोनवर ताई हवेबद्दल बोलायची, शेजारच्या कुत्र्याबद्दल बोलायची, गुडघ्याची चौकशी करायची. रडली मात्र एकदाही नाही. धाकटीच्या काळजाला तेच लागून राहिलं होतं. लहानपणी दोघी एका पांघरुणात झोपायच्या, आणि ताईचं खरं बोलणं अंथरुणाला पाठ टेकल्यावरच सुरू व्हायचं. धाकटीला ती एक रात्र हवी होती. ताईच्या शेजारी, ताईच्या खोलीत. पुन्हा कधी भेट होईल, होईल की नाही, कुणी सांगावं?

आता हे शेठना सांगायचं कसं? ते बिचारे हरखून गेले होते. लग्न झाल्यापासून दोघं मिळून हॉटेलात कधी राहिले नव्हते. त्यांनी वखार दोन दिवस मुलाच्या ताब्यात द्यायची ठरवली, नवीन बॅग आणली, तीसुद्धा सवलतीत, आणि जो भेटेल त्याला "आम्ही दोघं जरा शहरात हॉटेलात राहून येतो," असं सांगत सुटले. त्यांच्या तोंडावर "मी तुमच्याबरोबर राहणार नाही" असं म्हणायला धाकटीची जीभ रेटेना. इकडे आड तिकडे विहीर अशी तिची गत झाली.

ताईच्याच हॉटेलात खोली घ्यायची होती. शेठ रोज सकाळी चहाचा कप एका हातात आणि फोन दुसऱ्या हातात घेऊन भाव बघायला बसू लागले.

"आज चढलाय," ते म्हणायचे. "चढू दे. खोली म्हणजे पिकलेलं केळं. आज रात्री गेली नाही तर उद्या तिला कोण विचारतंय? आणि रविवारी रात्री शहरात असतं कोण? कामाला आलेली माणसं शुक्रवारी घरी पळतात, फिरायला आलेली रविवारी दुपारी. पडणार म्हणजे पडणार!"

सून बँकेत होती आणि तिला असल्या गोष्टींची सवय होती. ती म्हणाली, "बाबा, आत्ता घेऊन ठेवा ना. आदल्या दिवसापर्यंत रद्द करता येते, पैसे कापत नाहीत. भाव उतरला की जुनी सोडायची, नवी घ्यायची."

बोलणं अगदी रास्त होतं. शेठसुद्धा विचारात पडले. तेवढ्यात धाकटी घाईघाईनं म्हणाली, "नको गं बाई! तुझ्या सासऱ्यांना बरोबर कळतं त्यातलं. थांबू दे त्यांना."

सुनेचा घास हातातच राहिला. मुलानं पेपरातून डोकं वर काढलं. शेठच्या थांबण्याला आईनं चांगलं म्हटलेलं या घरात कुणी ऐकलेलं नव्हतं. फ्रिजच्या वेळी तर ती त्यांच्याशी आठवडाभर बोलली नव्हती. शेठनी बायकोकडे एकदा बघितलं आणि चहा संपवला.

मग धाकटीचा जीव टांगणीला लागला. हॉटेल भरून जावं, एकही खोली उरू नये, म्हणजे आपोआप आपण ताईकडे आणि हे कुणा ओळखीच्या व्यापाऱ्याकडे, असा तिचा हिशोब होता. पण असा विचार मनात आला की तिला स्वतःचाच राग यायचा. नवऱ्याची नवी बॅग दाराशी तयार उभी, आणि आपण त्याची खोली हुकावी म्हणून टपून बसलोय! एकदोनदा तिनं सांगून टाकायचं ठरवलं. "अहो, ऐका ना," म्हणून सुरुवातही केली. पण शेठ लगेच "बोल की" म्हणून सगळी कामं टाकून समोर येऊन बसले, आणि तिनं भाजी काय करू ते विचारलं.

शुक्रवार गेला, शनिवार गेला. शेठ "अजून नाही" एवढंच म्हणत राहिले. धाकटीला मनातून बरं वाटत होतं आणि बरं वाटल्याचं वाईटही वाटत होतं.

रविवारी दोघं बसनं निघाले. शहराच्या वेशीवर, गाडी सिग्नलला थांबलेली असताना, शेठ एकदम ओरडले, "पडला!" पुढच्या बाकावरचा माणूस दचकून इकडेतिकडे बघायला लागला. शेठनी अंगठ्यानं फोनवर पटापट काहीतरी दाबलं, खिशातून चष्मा काढून खात्री केली आणि फोन ठेवून दिला. "घेतली बघ. अर्ध्या भावात!"

"छान झालं," धाकटी म्हणाली आणि खिडकीबाहेर बघू लागली. डोळ्यात पाणी येत होतं, ते तिनं तिथल्या तिथे परतवलं. चूक कुणाचीच नव्हती. नवरा चांगला होता, खोली स्वस्त होती. संध्याकाळी तासभर ताईशी बोलायचं, जेवायचं आणि आपल्या खोलीत येऊन घोरणं ऐकायचं. एवढं तरी मिळालं म्हणायचं.

हॉटेलच्या काउंटरवरच्या मुलीनं शेठचं नाव शोधलं, किल्ली पुढे केली आणि विचारलं, "एकट्याची खोली, एक छोटा पलंग. बरोबर ना?"

"बरोबर," शेठ म्हणाले.

धाकटी त्यांच्याकडे बघतच राहिली. "अहो, आपण दोघं आहोत!"

"मी एकटाच आहे. तू ताईंकडे." त्यांनी बॅग उचलली आणि तिला जरा बाजूला घेतलं. "दोघांच्या खोलीचा भाव शुक्रवारीच पडला होता. घेतली असती तर तू मुकाट्यानं माझ्यामागे आली असतीस. एकट्याच्या खोलीचा पडता पडत नव्हता, म्हणून आजपर्यंत थांबलो."

"तुम्हाला कसं कळलं?"

"तू माझं कौतुक केलंस! सुनेसमोर! तेव्हाच म्हटलं, पाणी कुठंतरी मुरतंय. मग जरा विचार केला. एवढा काही मी ढ नाही."

"मी सांगणार होते. पण तुम्हाला वाईट वाटलं असतं."

"वाटलं ना. शुक्रवारी वाटलं. शनिवारी दुपारपर्यंत गेलं." शेठ किल्लीकडे बघत म्हणाले, "आणि न्याहारी फुकट आहे. सकाळी खाली भेट, आपण दोघं मिळून खाऊ. जा आता, त्या वाट बघत असतील."

धाकटीनं भर हॉटेलात नवऱ्याचा हात धरला. नातवंडांनी बघितलं असतं तर चिडवून पुरेवाट केली असती.

वर ताईनं दार उघडलं. वाळली होती, केस पार पांढरे झाले होते, पण हसली ती तशीच. मिठी मारून झाल्यावर तिनं धाकटीच्या मागं बघितलं. "शेठ कुठायत?"

"खालच्या मजल्यावर. त्यांनी स्वतःपुरती एकट्याची खोली घेतलीय," धाकटी म्हणाली आणि सगळी हकीकत सांगू लागली. ताई आधी खळखळून हसली. मग हसता हसता पलंगाच्या कडेला बसली आणि तिचा आवाज बदलला.

"मीही एकट्याचीच मागायला हवी होती गं. हॉटेलवाल्यानं फोनवर विचारलं, किती माणसं? तर माझ्या तोंडातून निघून गेलं, दोघं."

एवढं बोलून ताई रडायला लागली. वर्षभराचं सगळं एकदम आलं. धाकटी तिला जवळ घेऊन पाठीवरून हात फिरवत राहिली. बऱ्याच वेळानं ताईनं पदरानं तोंड पुसलं, तेव्हा धाकटीनं विचारलं, "भाऊजी कुठल्या बाजूला झोपायचे?"

"खिडकीच्या," ताई म्हणाली.

धाकटीनं चपला काढल्या, गुडघा सांभाळत पलंगावर चढली आणि खिडकीच्या बाजूला जाऊन आडवी झाली.