उंदीर नव्हे, चिचुंद्री

शेजारच्या फडातली ऊसतोड झाली आणि तिथला एक उंदीर थेट विजयमालाच्या घरात शिरला. चार दिवस बाईच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता. धान्य खाईल तर खाऊ दे मेला! पण लेकीच्या, अंकिताच्या, पोलीस भरतीच्या कागदांचं काय? सोमवारी साताऱ्यात मूळ कागद दाखवायचे होते. फाइल तिनं पिठाच्या पत्र्याच्या डब्यात दडवली होती, तरी दिवसातून दहादा झाकण काढून बघायची.

रविवारी सकाळी पिंजरा खटकन पडला. भज्याच्या तुकड्याला भुललेलं काळपट काहीतरी आत चुकचुकत होतं. "घावलास व्हय रं मुडद्या!" म्हणत तिनं पिंजरा तसाच बादलीत बुडवला. भपकन घाण वास आला, पण तिकडं बघायला फुरसत कुणाला! तिचा जीव भांड्यात पडला होता. तिनं फाइल काढली, कुंकू लावलं, देवापुढं ठेवली आणि वर गूळ-खोबऱ्याची वाटी ठेवली. नोकरीचा कागद देवाला दाखवल्याबिगर त्या घरातनं कधी बाहेर पडला नव्हता. नवरा फौजेत गेला तोही असाच. मग तुंबलेलं धुणं घेऊन ती मागल्या दारी बसली.

अंकिता कराडच्या मैदानावर धावायचा सराव करून घामाघूम होऊन आली, बादलीपाशी थांबली.

"आई, ह्यो उंदीर न्हाई. चिचुंद्री हाय."

"त्यात काय गं? एकच की!"

"एकच कसं? नाक बघ हिचं केवढं लांब, डोळं मोहरीएवढं. ही किडं खाती, झुरळं खाती. कागदाला तोंड लावत न्हाई. उंदराचं पुढचं दात जन्मभर वाढत्यात, कुरतडल्याबिगर त्याला भागतच न्हाई." बोलता बोलता ती दाराकडं वळली. "आई, फाइल डब्यातच हाय न्हवं?"

विजयमालाच्या हातातलं लुगडं गळून पडलं. दोघी आत धावल्या. वाटी पालथी होती, खोबरं गायब. दहावीच्या गुणपत्रकाचा खालचा कोपरा शिक्क्यासकट गेला होता, नुसता भुसा उरला होता.

"शिव्या घाल गं मला! मार मला!" विजयमालाला रडू आवरेना.

अंकितानं सगळे तुकडे वेचून पिशवीत भरले आणि हेडमास्तरांच्या घरी जाऊन शाळेचं पत्र मागायला गाडीची किल्ली उचलली.

"थांब, मीबी येते. पाया पडते त्यांच्या."

"नगं," चप्पल घालता घालता अंकिता म्हणाली. "आई, तू आता काय बी करू नगंस."