बाहुलीचा गाल

“गेला बिचारीचा गाल,” म्हणत रंगूबाईंनी बाहुली उचलली.

टेबलावर त्यांनीच शिवलेलं कापडी पोट उघडं पडलं होतं. कातडी म्हणून रेक्झिन, चरबी म्हणून पिवळा स्पंज, खाली जुन्या लुगड्यांचे थर, अगदी आत सायकलच्या ट्यूबची गर्भपिशवी आणि तिच्यात बाहुली. नाशिकच्या त्या सरकारी दवाखान्यातले शिकाऊ डॉक्टर सिझेरियनचा हात याच्यावर बसवायचे. रंगूबाई मूळच्या गोधड्या शिवणाऱ्या. बाहुलीच्या गालाला काजळाची तीट लावल्याशिवाय त्या पोट बंद करत नसत. लेकरू ते लेकरू, मग चिंध्यांचं का असेना.

डॉक्टर चैतालीची सुरी नेमकी त्या तिटेवरून गेली होती.

“शेवटच्या थराला हात जड पडतो हो, मावशी.”

“पडू द्या. तुम्ही फाडा, मी हाय ना शिवायला.”

बोलल्या खऱ्या, पण आतून धसकल्या. विंचूरला दिलेली त्यांची लेक मोहिनी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती आणि नाव याच दवाखान्यात घातलं होतं.

चैताली मात्र चिवट. ड्युटी संपली की येऊन बसायची. रंगूबाई गाल शिवत, ती पुन्हा पोट उघडी. हळूहळू गाल शिवायचं काम कमी झालं, पण बंद काही झालं नाही.

आणि कळा सुरू असतानाच मोहिनीच्या बाळाचे ठोके उतरले. सिझर ठरलं. स्ट्रेचरमागे चैताली.

“मावशी, मोठ्या मॅडम शेजारी आहेत. पण हात माझा असणार.”

दुसऱ्या कुणाला बोलवा, हे अगदी ओठांवर आलं होतं. रंगूबाईंनी ते गिळलं. “जा बाई,” एवढंच म्हणाल्या.

बाहेर बाकावर बसून त्या मनात एकेक थर उलगडत राहिल्या. रेक्झिन. स्पंज. लुगडं. ट्यूबपाशी आल्या की पुढे जाववेना. पुन्हा पहिल्यापासून.

रडणं ऐकू आलं. थोड्या वेळाने चैतालीच बाळ घेऊन बाहेर आली. मुलगा की मुलगी, हे रंगूबाईंनी विचारलंच नाही. एक गाल पाहिला, मग दुसरा. साधा ओरखडा नाही. जित्या माणसाच्या पोटातून जितं माणूस काढलं या पोरीनं! रंगूबाईंच्या अंगावर काटा आला.

त्यांनी बटव्यातून काजळाची डबी काढली.

“बाळाला काजळ नको हं, मावशी.”

“त्याला नाय.”

रंगूबाईंनी चैतालीची टोपी जरा सरकवली आणि तिच्या कानामागे तीट लावली.