हिरवा दिवा

आमच्या पंडितला पंडित का म्हणायचे, तर तोंड उघडलं की प्रवचन, एवढंच. शवागारातला सर्व्हर आणि आमच्या बेपत्ता माणसांच्या शोध कार्यालयातला सर्व्हर यांच्यामध्ये टनेल, म्हणजे नेटवरून जाणारा बंदिस्त रस्ता, उभा केला तो त्यानेच. तिकडे बेवारस मृतदेहाची नोंद झाली की ती कुलूपबंद होऊन निघायची, वाटेत कुणाच्या बापाला वाचता यायची नाही, आणि आमच्या डेटाबेसमध्ये जशीच्या तशी उतरायची. खालच्या खिडकीवरचा कारकून याच नकलेत बघून लोकांना उत्तर द्यायचा. भिंतीवरच्या स्क्रीनवर टनेलचा एक दिवा होता. "दिवा हिरवा आहे ना? मग कशाला डोक्याला ताप?" हे आमच्या साहेबांचं तत्त्वज्ञान.

माझी मावशी रोज त्या खिडकीवर यायची. तिचा बाळ्या, तिशीतला घोडा, तिच्याशी भांडून घरातून गेला तो गेलाच. फोन बंद. खिडकीवर "नोंद नाही" ऐकलं की मावशी जिना चढून माझ्याकडे यायची. "असेल मेला उंडारत कुठेतरी," म्हणायची आणि लगेच जीभ चावायची. मीही म्हणायचे, "नोंद नाही ना, मग आहे तो. येईल पैसे संपले की." मला खरंच तसं वाटायचं.

त्या दिवशी ती पेपर घेऊनच आली. "अगं, हायवेवर बस उलटली म्हणे. ओळख न पटलेली माणसं आहेत त्यात. आणि तुमचा खिडकीवरचा म्हणतो, नवीन काहीच नाही. असं कसं गं?"

मी तिच्यापुढे चहा ठेवला, "आलेच" म्हटलं आणि सर्व्हरच्या खोलीत गेले. आमच्याकडची शेवटची नोंद गेल्या महिन्यातली होती.

"पंडित, रेप्लिकेशन बंद पडलंय. तिकडची नक्कल इकडे उतरतच नाहीये."

"शक्यच नाही. दिवा बघ की."

"दिवा टनेलचा आहे रे गाढवा! त्यातून काही येतंय का, ते कोण बघणार?"

गेल्या महिन्यात त्याने टनेलच्या कुलपाच्या दोन्हीकडच्या किल्ल्या बदलल्या होत्या. तेवढ्यात जोडणी तुटली, आमच्या डेटाबेसने पलीकडे चार हाका मारल्या आणि नाद सोडला. मग टनेल परत उभा राहिला, दिवा हिरवा झाला. नक्कल मात्र हाताने चालू करायची असते, ते हा पठ्ठ्या विसरला. आणि बाकी आम्ही सगळे दिव्याकडे बघत बसलो.

एका कमांडचं काम होतं. साचलेल्या नोंदी भराभर उतरू लागल्या. मी बाळ्याचं वय टाकलं, उंची टाकली, डाव्या दंडावरचं मांजराचं गोंदण टाकलं. नको रे देवा, नको, असं पुटपुटत होते. जुळणारी एकच नोंद आली. रस्ता ओलांडताना ट्रकची धडक. शेवटच्या रकान्यात होतं: मुदतीत चौकशीला कुणी आले नाही, काल दफन केले.

"मला वाटलं की..." पंडित म्हणाला. त्याच्या थोबाडीत मारावीशी वाटली, पण हात उठला नाही. दारातून साहेबांनी डोकं आत घातलं. "चालू झालं ना? मग झालं तर!" आणि गेले निघून.

मावशीने माझा चेहरा बघितला आणि कप खाली ठेवला. मी तिच्या पायाशी बसले, तिचे हात धरले आणि सगळं सांगितलं. ट्रक, शवागार, कालचं दफन. रकान्यातलं वाक्यही सांगितलं, तिच्यापासून लपवायची माझी छाती झाली नाही.

ती रडली नाही. 

"चौकशीला कुणी आलं नाही, असं लिहिलंय?"

"हो."

"अगं, पण मी तर रोज येत होते की."