शाल, श्रीफळ आणि काळी ट्रंक

मित्रांनो, माझ्या घरी कुणीही आलं की आधी माझ्यावर ठेचकाळतं आणि मग माझ्याकडे बघतं. मी पत्र्याची एक काळी ट्रंक आहे, वयाने जुनी आणि अंगाला जागोजागी पोचे पडलेली. माझ्या झाकणावर पांढऱ्या अक्षरांत 'गोदावरी फुटबॉल क्लब, जयपूर' असं लिहिलेलं आहे. त्या अक्षरांखाली काळा रंग आहे आणि त्या काळ्या रंगाखाली एका माणसाचं नाव आहे. त्या माणसाविषयी सांगावं म्हणून आज मी तोंड उघडलं आहे. ट्रंकेला तोंड उघडायला तसे फारसे कष्ट पडत नाहीत.

माझा जन्म साताऱ्यातल्या एका पत्रेकामाच्या दुकानात झाला. नागनाथ नावाचा उंचापुरा मुलगा फौजेत भरती झाला, तेव्हा त्याच्या वडिलांनी मला घेऊन दिलं. फौजी माणसाच्या ट्रंकेवर त्याचं नाव आणि पलटण रंगवतात. बदली झाली की जुना पत्ता काळ्या रंगाने झाकतात आणि नवा घालतात. पत्ते बदलत गेले, नाव मात्र तेच राहिलं. पुढे त्याचं लग्न झालं आणि माझ्या पोटात अनुसयाबाईंची लुगडी आली. लुगड्यांच्या घडीत त्या वाळ्याची जुडी ठेवत. ते माझे सगळ्यात सुखाचे दिवस होते.

शेवटची बदली जयपूरची. हवालदार म्हणून निवृत्त झाल्यावर नागनाथ गावी परतलेच नाहीत. मुरलीपुरा भागात दोन खोल्या घेतल्या आणि सी-स्कीम या वस्तीतल्या एका बँकेच्या दारावर बंदूक घेऊन उभं राहायची नोकरी धरली. दोन-चार वर्षं बरी गेली आणि अनुसयाबाई आजारपणात वारल्या. मूलबाळ नव्हतं. लुगडी नागनाथांनी शेजारपाजारी वाटून टाकली. मग त्या घरात एक रिकामी ट्रंक आणि एक रिकामा माणूस, असे आम्ही दोघेच उरलो. संध्याकाळी ते माझ्यावर बसून एकट्याने चहा पीत. तेव्हा मला फार वाटे, यांच्याशी कुणीतरी बोलावं.

आणि तसं झालंही. बँक, विमा आणि सरकारी कचेऱ्यांमधल्या बदलीवर आलेल्या मराठी मंडळींनी गोदावरी क्लब काढला. लष्करी छावणीतले मराठी जवानही त्यात खेळू लागले. नागनाथ पूर्वी पलटणीकडून फुटबॉल खेळलेले, म्हणून त्यांना मॅनेजर केलं. तेव्हापासून सगळे त्यांना हवालदारकाका म्हणू लागले. मीही आता तसंच म्हणते.

बूट, जाळ्या, चेंडू ठेवायला काही नव्हतं, म्हणून काकांनी मला क्लबला देऊन टाकलं. एका दुपारी त्यांनी स्वतःच्या हाताने स्वतःच्या नावावर काळा रंग फिरवला आणि पेंटरकडून क्लबचं नाव घालून घेतलं. मी आधी कुणाची होते, हे कुणी विचारलं नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही. माझी किल्ली मात्र त्यांनी आपल्या करदोट्याला बांधली.

वाळ्याच्या जागी माझ्यात घामट मोज्यांचा वास आला, पण खरं सांगते, मला तो चालला. दर रविवारी काका मला मैदानाच्या कडेला ठेवत, माझ्यावर बसून लिंबं चिरत आणि ओरडत, "आरं पळा की! पळलं की समदं येतंय!" पोरं पळत आणि जिंकत. एकदा शहरातल्या लीगचा चषक आमच्याकडे आला, तेव्हा तो माझ्यावर ठेवून फोटो काढला होता. फोटोत माझं कुलूपसुद्धा स्पष्ट दिसतं. मी जरा ताठले होते त्या दिवसांत.

शहाऐंशी सालच्या हंगामात मात्र ग्रह फिरले. पलटण हलली आणि आमचे सगळ्यात चांगले खेळाडू तिच्याबरोबर गेले. उरलेल्या पोरांना काका अजूनही पळवतच होते. समोरचे संघ चेंडू एकमेकांकडे शांतपणे ढकलत आणि आमची पोरं मधे धापा टाकत धावत. मला पत्र्याच्या ट्रंकेला हे दिसत होतं, काकांना दिसत नव्हतं. सामन्यामागून सामने हरत आम्ही तळाला गेलो. तळाचा संघ खालच्या गटात ढकलला जाणार होता.

एका संध्याकाळी क्लबच्या खोलीत बैठक झाली. काकांना बोलावलं नव्हतं. अध्यक्ष जनार्दनराव विमा कचेरीत मोठे अधिकारी होते. ते खुर्चीवर बसले आणि चिटणीस मधुमतीबाई माझ्यावर बसल्या.

"हंगाम अर्धा उरलाय," जनार्दनराव म्हणाले. "आत्ता मॅनेजर बदलला तर वाचू. आपला उमाकांत कोचिंगचा कोर्स करून आलाय, त्याला आणू."

"अहो, पण असं मधेच?" मधुमतीबाई म्हणाल्या. "खेळाडू बदलून गेले, त्यात काकांचा काय दोष? आणि क्लबशिवाय त्यांना आहे तरी कोण?"

"म्हणून काय क्लब बुडू द्यायचा?"

मला दोघांचंही पटत होतं. शेवटी बदलायचं ठरलं. मग मधुमतीबाईंनी विचारलं, "त्यांना सांगणार कोण?"

बाहेर कुठेतरी पतंग उडत होते, तिकडे सगळे बघू लागले.

"सांगायचं कशाला?" जनार्दनराव म्हणाले. "संक्रांतीला त्यांचा सत्कार करू. शाल, श्रीफळ, दोन चांगले शब्द. समजदार माणूस आहे, कळेल त्यांना."

संक्रांतीला जयपूरचं आभाळ पतंगांनी भरून जातं. गच्च्यागच्च्यांवरून 'वो काटा' असा ओरडा चालू असतो. त्या ओरड्यात आमच्या मंडळींचा तिळगुळाचा कार्यक्रम झाला. गोड बोलायचा दिवस तो, सगळे अगदी भरभरून गोड बोलले. काकांसारखा मॅनेजर होणे नाही, त्यांच्यामुळेच क्लब उभा आहे, असं एकेकाने सांगितलं. 'उद्यापासून येऊ नका' हे तेवढं कुणीच सांगितलं नाही. मान खाली घालून काकांनी शाल घेतली. त्यांचे डोळे भरून आले होते.

कार्यक्रम संपल्यावर ते माझ्याकडे आले. शालीची नीट घडी करून त्यांनी ती माझ्यात तळाशी ठेवली. "घरी न्हेऊन दावू कुणाला?" असं स्वतःशीच म्हणाले. नारळ मात्र पिशवीत घालून घेऊन गेले. मला सगळं ठाऊक होतं, मित्रांनो. पण नुसतं तोंड उघडून काय उपयोग, त्यातून शब्द यायला हवेत.

रविवारी काका नेहमीसारखे मैदानावर हजर! हातात लिंबांची पिशवी आणि तो नारळ. उमाकांत नव्या कोऱ्या ट्रॅकसूटमध्ये उभा होता. काकांना वाटलं, हा मदतीला आलाय. त्यांनी गोलखांबापाशी दगडावर नारळ फोडला, खोबऱ्याचे तुकडे केले आणि पोरांना वाटले. एक मोठा तुकडा उमाकांतच्या हातावर ठेवला. "खा लेका. आज जिकायचंय."

उमाकांत जयपुरातच वाढलेला. त्याचं मराठी आधीच अडखळतं, त्यात तो घाबरला. "काका, मतलब... बूट काढायचे आहेत. चावी तुमच्याकडे आहे ना?"

"मीच काढतो की."

"नाही, मतलब... चावी आता मला द्यायची, असं ठरलं ना? तुम्हाला सांगितलं असेल."

काकांनी जनार्दनरावांकडे पाहिलं. जनार्दनराव वाकून बुटाची नाडी बांधत होते. बांधलेलीच नाडी ते पुन्हा बांधत होते. खोबरं तोंडात घेतलेली पोरं चावायची थांबली.

काकांनी सदरा वर करून करदोट्याची गाठ सोडायला घेतली. थंडीने बोटं आखडली होती, गाठ लवकर सुटेना. उमाकांत मदतीला पुढे झाला, तर ते म्हणाले, "ऱ्हाऊ दे. माझी मी सोडतो." किल्ली त्याच्या हातात देऊन ते निघून गेले. लिंबांची पिशवी माझ्यावरच राहिली. 'ही ट्रंक माझी आहे' हेही ते बोलले नाहीत.

उमाकांतने संघ सावरला, हे खोटं कसं म्हणू? त्याने पोरांना चेंडू जवळ ठेवायला शिकवलं आणि शेवटच्या सामन्यात बरोबरी साधून आम्ही कसेबसे वाचलो. निर्णय चुकला नव्हता. पण उमाकांत खुर्चीवर बसे. माझ्यावर पुन्हा कुणी बसलं नाही, मला कुणी पुसलंही नाही. कडीजवळचा रंग उडाला आणि खालून 'हव. नागनाथ' एवढी अक्षरं दिसू लागली. उमाकांतने ती एकदा पाहिली आणि त्यांच्यावरून बोट फिरवलं. पण पाहून काय करायचं हे त्याला सुचलं नसावं. काकांची आठवण मला दर रविवारी येई.

अठ्ठ्याऐंशीत पुन्हा तीच गत झाली. पुन्हा तळ आणि पुन्हा बंद दाराआड बैठक. पुन्हा संक्रांतीचा मुहूर्त धरला, पण शाल आणायचीच विसरले. त्या दिवशी जयपुरात दुकान उघडं कुठून मिळणार? अख्खा बाजार गच्चीवर पतंग उडवत असतो. जनार्दनरावांना आठवलं, ट्रंकेत एक शाल कोरीच पडली आहे.

गोड भाषणं झाली. शाल खांद्यावर पडताच उमाकांतने तिच्यावरून हात फिरवला आणि तो सगळ्यांसमोर म्हणाला, "जनार्दनकाका, दोन वर्षं या शालीवर ठेवलेले बूट मी काढतोय. मतलब, उद्यापासून येऊ नको, असंच ना?"

"अरे, तसं नव्हे, हा आपला सत्कार..."

"तसंच आहे, उमाकांत," मधुमतीबाई मागून म्हणाल्या.

त्याने मान हलवली. खोलीत येऊन माझ्यातले बूट, जाळ्या, चेंडू त्याने जमिनीवर काढून ठेवले आणि मला सायकलरिक्षात चढवलं. जनार्दनराव धावत आले, तेव्हा तो एवढंच म्हणाला, "ही क्लबची नाही. वाचून बघा."

मुरलीपुऱ्यात काका पायरीवर बसून एकटेच चहा पीत होते. फार वाळले होते. मला बघून त्यांनी हातातला कप खाली ठेवला.

"ही का आणलीस?"

"काका, ही तुमची आहे."

"आन् मग क्लबचं सामान कशात ठेवणार?"

"आता ते मला नाही माहीत."

काकांची नजर त्याच्या खांद्यावर गेली. त्यांनी शाल ओळखली.

"तुलाबी?" ते म्हणाले.

उमाकांतने किल्ली पुढे केली. काकांनी ती घेतली, मला भिंतीशी सरकवलं, धोतराच्या सोग्याने माझी धूळ पुसली आणि एका कडेला बसले. उरलेल्या जागेवर हात आपटून म्हणाले, "बस." दोघं माझ्यावर बसले. माझा पत्रा करकरला. वर गच्च्यांवर कुणाचा तरी पतंग कापला जात होता आणि पोरं आनंदाने ओरडत होती.

आता माझ्यात गोधड्या असतात आणि त्यांच्यावर ती शाल. उमाकांत अधूनमधून येतो, तेव्हा घरात आवाज असतो. बाकीचे दिवस काका आणि मी.

मित्रांनो, संघ हरत असेल तर मॅनेजर बदला. हंगामाच्या मधे बदला, नाहीतर शेवटी बदला, ते तुमचं तुम्ही ठरवा. पण ज्याला जा म्हणायचं आहे, त्याला समोर बसवून तोंडाने सांगा. आणि सांगून झाल्यावर लगेच उठू नका, थोडा वेळ त्याच्याजवळ बसा. जागा नसेल तर घरात माझ्यासारखी एखादी ट्रंक असेलच. तिच्यावर दोन माणसं आरामात मावतात.